गुरुदत्त निमकर त्या दिवशी कुठे होता

मी, चिंतामणी बाळकृष्ण आठल्ये, वय एकसष्ट, पूर्वी बदलापूर स्टेशनवर बुकिंग क्लार्क, हल्ली घरी, राहणार कुळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचे दुखणे आहे, बुद्धी शाबूत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. १९५१ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. चामटोलीची भातजमीन हरिचंद्र कसतो. नव्या कूळकायद्याने ती त्याचीच व्हायची आहे. माझ्यामागे कोणी कज्जा करू नये.

२. लोकरीचा ओव्हरकोट आणि पितळी हातकंदील हिरामण भोईर याच्या मुलाला द्यावा. हिरामण स्टेशनवर रूळ बदलणारा पॉइंट्समन होता. त्याने मला एकदाही खोटे सांगितले नाही.

३. कुळगावातले चार खोल्यांचे कौलारू घर, विहीर व परसातले दोन आंबे ही माझी स्वकष्टार्जित मिळकत भाची उमा गुरुदत्त निमकर, वय सहा, हिला देत आहे. ती सज्ञान होईपर्यंत तिची आई, माझी धाकटी बहीण सुहासिनी, हिने वहिवाट करावी. हे कलम पुढच्या कलमाशिवाय कोणी वाचू नये.

४. सुहासिनी विसाव्या वर्षी विधवा होऊन माझ्याकडे आली. गुरुदत्त निमकर अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता आणि आमच्या आळीत राहत असे. तो तिला इंग्रजी शिकवी. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

सन १९४८ च्या २७ जानेवारीस सकाळी त्याने माझ्याच खिडकीतून मुंबईचे तिकीट काढले. बगलेत वळकटी होती. २९ तारखेस संध्याकाळी परतला, तेव्हा फाटकावर तिकीट मीच त्याच्या हातून घेतले. दुसऱ्या दिवशी, शुक्रवार ३० जानेवारीस, चार वाजता माझी ड्यूटी सुटली. हिशेब देऊन घरी पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच झाले होते. दारात परक्या वहाणा होत्या. आत गुरुदत्त आणि सुहासिनी पाटावर समोरासमोर बसली होती, मधे पुस्तक आणि ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म. तो फॉर्म आणण्यासाठीच तो तीन दिवस मुंबईत हिंडला होता. मी म्हणालो, "निमकर, पुन्हा या घरात पाऊल टाकू नका." तो उठून गेला. पाच वाजून गेले होते.

त्याच वेळी दिल्लीत महात्माजींचा खून झाला. सहाच्या सुमारास ती बातमी कुळगावात आली.

गुरुदत्त पूर्वी एका संघटनेच्या बैठकांना जात असे. त्यात तीन दिवस गावात नव्हता. खुनानंतर आळी भीतीने दारे लावून बसली होती, तो कोणाला दिसला नाही; चौथ्या दिवशी पोलीस त्याला घेऊन गेले आणि माझ्याकडे चौकशीला आले. जमादाराने विचारले, "गेला ते तुम्ही पाहिलंत. परत कधी आला?"

मी म्हणालो, "परत येताना मी पाहिलं नाही."

बाहेरगावी आमच्या लोकांची घरे जळत होती, त्याची भीती होती. पण खरे कारण ते नव्हे. विधवा बहीण भर दुपारी परक्या पुरुषाबरोबर घरात एकटी होती, हे मला माझ्या तोंडाने सांगायचे नव्हते. आणि त्याच्यावर माझा रागही होता.

गुरुदत्तने पोलिसांना एवढेच सांगितले की आपण त्या दिवशी कुळगावात होतो. कुणाच्या घरी, हे विचारूनही त्याने सांगितले नाही. सुहासिनी म्हणाली, "दादा, मी ठाण्याला जाऊन सांगते." मी तिला म्हणालो, गेलीस तर मी गाडीखाली जीव देईन. ती थांबली. आषाढात मला न सांगता गेली आणि जबानी देऊन आली. मग मला बोलावणे आले. मी सांगितले की नवरा गेल्यापासून तिचे डोके ठिकाणावर नाही.

तिचे डोके तेव्हाही ठिकाणावर होते, आजही आहे. तिची जबानी अक्षरशः खरी होती. माझी खोटी होती.

अकरा महिन्यांनी त्याला आरोप न ठेवता सोडले. तो आत असतानाच त्याची आई गेली. नोकरीही गेली होती. १९५० साली दोघांनी नोंदणी लग्न केले आणि उल्हासनगरच्या बराकीत बिऱ्हाड थाटले. तिथे एका सिंधी शेटच्या कापडदुकानात तो चिठ्ठ्या लिही. तुरुंगातून आणलेल्या खोकल्याने यंदाच्या फाल्गुनात वारला. मी गेलो नाही.

५. माझे स्नेही विष्णुपंत वैशंपायन, कोर्टातले निवृत्त कारकून, गेली नऊ वर्षे आपल्या ओट्यावर रेल्वेचे वेळापत्रक उघडून सिद्ध करीत आले की सत्तावीसला कल्याणहून मेल धरली तर माणूस एकोणतीसला दिल्लीत पोचतो, आणि एकतीसला निघून दोन तारखेस बदलापुरात दिसू शकतो. आळीतले लोक वाद घालत. कोणी म्हणे, कल्याणला गाडी चुकली असेल. मी रेल्वेचा माणूस म्हणून मला विचारत, "आठल्ये, जमेल ना?" मी म्हणे, "वेळेने जमतं." वेळेने खरेच जमत होते. त्यांच्यात गुरुदत्त दिल्लीत होता असे मानणारे अधिक होते.

६. श्रावणात मी उल्हासनगरला गेलो. सुहासिनी दारातच शिवणयंत्रावर बसली होती. मला पाहून तिने यंत्र थांबवले नाही. मी म्हणालो, "सुहास, माझं चुकलं." तिने टीप पुरी केली. मग म्हणाली, "शाळेत उमाला मुली म्हणतात, तुझे बाबा खुनातले. ती मला विचारते, आई, बाबा कुठे होते? मी सांगते. मी सांगून काय उपयोग, दादा? मी वेडी ना? तुम्ही लिहून द्या. सहीनिशी."

म्हणून हे लिहिले.

७. याची एक प्रत सुहासिनीस आजच टपालाने जावी, माझ्या मरणाची वाट पाहू नये. ती घर नाकारील तर विकून उमाच्या शिक्षणाला लावावे. चौथे कलम मात्र तिने नाकारले तरी मागे घेतले जाणार नाही. व्यवस्थापक म्हणून हिरामण भोईर यास नेमतो. माझ्या तेराव्याला जेवणावळ घालू नये.

सही करण्यापूर्वी दोन्ही साक्षीदारांना सर्व कलमे वाचून दाखवली. हिरामण म्हणाला, "मास्तर, त्या सांजचा गुरुदत्त उतरला तवा मी पन फाटकावर व्हतो. मला कोनी इचारलाच नाय." विष्णुपंतांनी कागद हातात घेऊन चौथे कलम पुन्हा स्वतः वाचले. "इतकी वर्षं माझ्या ओट्यावर बसून तुम्ही हे ऐकत होतात?" त्यांनी विचारले. मी होय म्हटले. त्यांनी टाक उचलून सही केली, आणि समोर ठेवलेला चहा न घेताच ते उठले.

सही: चिंतामणी बाळकृष्ण आठल्ये
साक्षीदार: १. विष्णुपंत गोविंद वैशंपायन २. हिरामण पदू भोईर, निशाणी अंगठा
मुक्काम कुळगाव, बदलापूर. तारीख १४ ऑक्टोबर १९५७