एझरा ऑर्मरॉडच्या चौदा वह्या

मी, सुप्रभा पद्माकर टिपणीस, वय एकोणऐंशी, राहणार रॉचडेल, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते स्वखुशीने आणि स्वहस्ते लिहून ठेवत आहे. यापूर्वीचं इच्छापत्र रद्द समजावं. मेमरी क्लिनिकचा दाखला जोडला आहे. मी थकले आहे, पण थकवा म्हणजे बुद्धिभ्रम नव्हे, हे सॉलिसिटरबाईंनीही मान्य केलं. मराठीत लिहिलेलं चालतं, प्रमाणित भाषांतर मात्र करून घ्यावं लागेल. एकतीस वर्षं हॉस्पिटलात मेडिकल सेक्रेटरी म्हणून दुसऱ्यांचं बोलणं इंग्रजीत उतरवून घेतलं. हे माझं आहे, म्हणून माझ्या भाषेत.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते मेडनहेडला राहणारी माझी मुलगी अनुया हिला. अंमलबजावणीही तिनेच करावी. घर विकून टाकावं. आईची आठवण म्हणून दमट भिंती सांभाळत बसू नये.

२. यजमानांची हार्मोनियम पुण्याचे दीर चंद्रशेखर यांना. यजमानांच्या आजारपणात ते एकदाही आले नाहीत. फोनवर मात्र सांगत, "वहिनी, त्याला गाणं ऐकवत जा." हार्मोनियम पाठवू नये. त्यांनी येऊन न्यावी.

३. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतल्या चौदा वह्या काउंटी आर्काइव्हजला द्याव्यात. या कलमाला थोडी जागा लागेल.

वह्या एझरा ऑर्मरॉड याच्या. हा आमच्याच भागातला, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा उपदेशक. आठवडाभर गिरणीत माग चालवायचा आणि रविवारी टेकड्यांवरच्या चॅपलांत चालत जाऊन उपदेश करायचा. १८४९ पासूनची त्याची रोजनिशी पिटमन लघुलिपीत आहे, त्यामुळे घरातही कुणाला वाचता आली नाही. त्याची खापरपणती डोरीन ॲशवर्थ हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात माझ्याबरोबर होती. मी पुण्यात मिनिटाला एकशेवीस शब्दांची लघुलेखनाची परीक्षा दिलेली. माझे यजमान, डॉ. पद्माकर, त्याला "टायपिंग" म्हणत. डोरीन तसं म्हणाली नाही. तिने पेटीच आणून दिली, कायमची.

जुन्या वळणाच्या रेघा लागायला एक हिवाळा गेला. तिसऱ्या वहीत, १८५२ च्या एका मंगळवारी, त्याने लिहिलं आहे : "आज उठलो तेव्हा देव नव्हता. चहा घेतला. कामाला गेलो." कारण दिलेलं नाही. कुणी मेलं नव्हतं, भांडण नव्हतं. त्यानंतर तो एकोणीस वर्षं उपदेश करत राहिला, आणि देव परत आल्याची नोंद कुठेही नाही.

२००६ मध्ये एझराच्या चॅपलांपैकी शेवटचं बंद झालं. निरोपाच्या सभेत डोरीनने मला वह्यांतलं काहीतरी वाचायला सांगितलं. समोर चाळीसेक म्हातारी माणसं कोट घालून बसली होती. मला एझराची लाज वाटली आणि त्या माणसांची दया आली. मी वही उघडून जे वहीत नाही ते वाचलं : "शेवटच्या श्वासापर्यंत माझी श्रद्धा ढळली नाही." डोरीन रडली. पुढच्या वर्षी ते वाक्य चॅपलच्या दफनभूमीच्या फाटकाशी दगडी पाटीवर कोरलं गेलं. ते वाक्य माझं आहे. एझराचं नाही. हे मी येथे कबूल करते.

२००९ पासून नऊ वर्षं यजमानांना स्मृतिभ्रंश होता. मला ते नर्स समजत, कधी चोर. त्यांना दुपारी झोप लागली की मी वह्या उतरवून काढायचे. एक नोंद अशी आहे : "पाऊस. सहा मैल चाललो. देण्यासारखं जवळ काही नाही. अकरा माणसं वाट पाहत होती. दिलं." पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तो माणूस ढोंगी वाटला होता. त्या दुपारी नाही वाटला.

या वर्षी मार्चमध्ये मी केअर होममध्ये जाऊन डोरीनला सगळं सांगितलं. ती एक्याण्णव वर्षांची आहे. सांगू नये असं अनुयाचं मत होतं. डोरीनने विचारलं, तो प्रत्येक रविवारी जायचा का. मी म्हटलं, हो. बर्फातसुद्धा? बर्फातसुद्धा, दोनदा पडलाही.

"मग तू त्याला साधा करून टाकलास," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांसारखा."

त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. मे महिन्यात तिचा फोन आला. म्हणाली, पाटी बदलायची, अकरा माणसांची नोंद घालायची. अर्ज निळ्या फाइलमध्ये आहे. माझ्या हयातीत काम झालं नाही तर अनुयाने पूर्ण करावं. वह्यांबरोबर माझा खरा उतारा आणि हे कलमही द्यावं.

४. लघुलिपीची पुस्तकं मागेल त्याला. कुणी मागणार नाही. मग रिसायकलिंगमध्ये टाकावीत.

५. अंत्यविधी क्रिमेटोरियममध्ये, थोडक्यात. अनुया, बाबांच्या वेळी तू सगळ्यांसमोर म्हणालीस की आईचं बाबांवर इतकं प्रेम होतं म्हणून ती हे करू शकली. मी तेव्हा मान खाली घातली, लोकांना ते दुःख वाटलं. ते प्रेम आजाराच्या दुसऱ्याच वर्षी संपलं होतं. शोधलं, सापडलं नाही. त्यांना हे कधी कळू दिलं नाही. माझ्या वेळी ते वाक्य म्हणू नकोस. आई रोज सकाळी उठायची आणि त्यांचा चहा करायची, एवढंच सांग. तेवढं पुरे आहे.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असा इथला कायदा आहे. म्हणून डोरीनच्या नावे काहीही ठेवलेलं नाही. तिला यातला मजकूर मी इंग्रजीत सांगितला आहे. "माझ्या नावापुढे ऑर्मरॉडची खापरपणती असंही लिही," ती म्हणाली.

वरील मजकुराखाली मी दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली, आणि त्यांनी माझ्यादेखत.

सही : सुप्रभा पद्माकर टिपणीस

साक्षीदार :
१. गिरीश वैशंपायन, फार्मासिस्ट, शेजारी
२. डोरीन ॲशवर्थ, निवृत्त रेकॉर्ड्स क्लार्क, एझरा ऑर्मरॉडची खापरपणती

स्थळ : केअर होमची बैठकीची खोली, रॉचडेल
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार