पट्टीचं पाणी

९ मार्च १९८६, रविवार

आलो बाई एकदाचे! टेम्पोतून सामान उतरवताना बरणी फुटली, लोणच्याचं तेल माझ्या नव्या साडीवर सांडलं, तरी आज मला कशाचा राग म्हणून येत नाहीये. स्वतःची खोली! लालबागला दिराच्या घरात पडद्याआड संसार केला. मिल बंद पडली, पण जावेचं तोंड काही बंद पडेना. आता आमच्या ह्यांना, म्हणजे दशरथला, भांडुपच्या कारखान्यात वॉचमनची नोकरी लागलीय आणि टेकडीवरच्या ह्या चाळीत जागा मिळालीय. झकास आहे. एका ओळीत खोल्या, समोर जेमतेम दोन माणसं जातील एवढी गल्ली, गल्लीतून उघडं गटार. आमची खोली अगदी शेवटची. आमच्या पुढे सरळ टेकडीचा खडक, रस्ता खलास. बाहेर पडायचं तर सगळ्यांच्या दारावरून जायचं. जाऊ की, आपल्याला कुणाची भीती आहे?

आणि माणसं किती चांगली! पहिल्या खोलीतल्या सुंदराबाई चाळीत सगळ्यात जुन्या, आमच्याच मालवणकडच्या. त्यांनी घावणे पाठवले. शेजारची मीरा पाण्याची कळशी घेऊन आली. कडेवर तिचा बाळा, शेंबडं पण गोड पोर. जो तो येऊन बघून गेला. बरं झालं आलात, खोली कधीची रिकामी होती, आम्ही देवाला साकडं घातलं होतं म्हणे. मी मनात म्हटलं, आम्ही काय एवढे लागून गेलो?

आमची जानकी सहा वर्षांची. मी पोळी लाटली की तिला लाटायची असते, मी पदर खोचला की ती फ्रॉक खोचते. आज माझ्याकडे बघून ती पण चाळीतल्या बायकांना नमस्कार करत सुटली. सुंदराबाई तिच्याकडे खूप वेळ बघत होत्या. दृष्ट काढायला हवी.

१२ मार्च, बुधवार

मीराच्या बाळाला ताप आला. मी सहज डोकावले तर काय, दार-खिडकी बंद, पोरावर दोन गोधड्या, वरून मीराची शाल! पोर लाल झालेलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अगं बये, भाजी वाफवतेयस की पोर वाढवतेयस? गोधड्या काढल्या, खिडकी उघडली, सुती झबलं घातलं. माझी ताई घाटकोपरला एका दवाखान्यात आया आहे, तिने मला हे सगळं शिकवलंय. बर्फ नाही, गार पाणी नाही, नळाचं साधं पाणी वाडग्यात घ्यायचं. जुन्या धोतराची पट्टी, बुडवायची, पिळायची, कपाळावर ठेवायची. गरम झाली की बदलायची. काखा पुसायच्या. भाताची पेज मीठ घालून घोट-घोट द्यायची. थर्मामीटर लावून मीराला पारा उतरलेला दाखवला तेव्हा तिचे डोळे भरून आले.

दारात बायकांची गर्दी. मला जरा चढलंच, खोटं कशाला बोलू. एकच गोष्ट विचित्र वाटली. मी पट्टीचं पाणी मोरीत ओतायला उठले तर सुंदराबाईंनी माझ्या हातातून वाडगा ओढून घेतला. ताप त्या पाण्यात उतरलेला असतो, ते आपल्या घरात ओतायचं नसतं, असं म्हणाल्या आणि वाडगा पदराखाली झाकून घेऊन गेल्या. आमच्या गावी उतारा तिठ्यावर ठेवतात तसलंच काहीतरी. जुनी माणसं, आपण कशाला वाद घाला?

घरी आले तर माझ्या दारात कुणीतरी पाणी शिंपडून ठेवलेलं. उंबरा ओला. बघा, शेजार असावा तर असा.

१६ मार्च, रविवार

हे शिमग्याला गावी गेले. पालखीला खांदा द्यायचा मान आमच्या घरात, न जाऊन चालत नाही. होळी आटपून येतील. जाताना सांगत होते, एकटी आहेस, कुणाशी भांडू नकोस. मी काय भांडखोर आहे?

उंबरा रोज ओला असतो. कोण शिंपडतं ते दिसत नाही. डब्यात लावलेली तुळस दारात ठेवली होती, ती करपली. इतकं पाणी मिळूनही. चाळीत ताप फिरतोय, आज ह्या खोलीत, उद्या त्या. बायका मला बोलवायला येतात, पट्ट्या कशा ठेवायच्या दाखव म्हणतात. दाखवते. दुसऱ्या दिवशी पोर खेळत असतं. माझं नाव झालंय चाळीत.

१८ मार्च, मंगळवार

जानकीला ताप.

शाळेतून आली ती डोळे लाल करूनच. मी घाबरले नाही. सगळं नीट केलं. पातळ फ्रॉक, खिडकी उघडी, मीठ-साखरेचं पाणी, पट्ट्या. पारा उतरला. हायसं वाटलं, वाडगा मोरीत ओतला आणि चहा टाकला. चहाला उकळी येते तोवर पोर पुन्हा चटके बसण्याइतकी गरम. पुन्हा पट्ट्या, पुन्हा उतरला. पाणी ओतलं, पुन्हा चढला.

असं कधी बघितलं नव्हतं. मी मीराला हाक मारली. ती घरात होती, भांड्यांचा आवाज येत होता. ओ दिली नाही.

१९ मार्च, बुधवार

जानूला खांद्यावर टाकून खाली डॉक्टरकडे गेले. त्यांनी तपासलं, रक्त घेतलं, पावडर दिली. तुम्ही करताय ते बरोबर करताय म्हणाले. पण पोर गुंगीत गेली किंवा पाणी पिईनाशी झाली तर घरी उपाय करत बसू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलात न्या. हे दोनदा बजावलं.

परत येताना गल्लीत शिरले आणि एकेक दार बंद होत गेलं. माझ्या पुढे पुढे, धाड, धाड. घावणे पाठवणाऱ्या सुंदराबाई दारात उभ्या होत्या. त्या थुंकल्या. माझ्या पायाशी, माझ्या पोरीच्या सावलीवर. मी विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? त्यांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी कळलं, आम्ही ज्यांच्या दारावरून गेलो त्यांतल्या दोन घरांत पुन्हा ताप आलाय.

२० मार्च, गुरुवार

पकडलं. भर दुपारी पकडलं.

जानूचा डोळा लागला होता. मी दाराआड उभी होते. मीरा आली, पदराखालून वाडगा काढला आणि माझ्या उंबऱ्यावर पाणी ओतलं. सावकाश, शेवटचा थेंब निथळेपर्यंत. मी तिचं मनगट धरलं. अंगाची आग आग झाली माझ्या. हेच का ते सडे? मी तुझ्या पोराला मांडीवर घेऊन बसले आणि तू माझ्या पोरीच्या पायात—

ती ओरडली नाही.  सगळेच ओततात म्हणाली. ह्या चाळीत पहिल्यापासून असंच आहे, ताप उतरवायचा आणि शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यावर सोडायचा. खोली रिकामी असली की तो तिथे थांबत नाही, ज्याचा त्याच्याकडे परत येतो. गेलं वर्ष तसंच गेलं. म्हणून तर आम्ही भाडेकरू यावा म्हणून साकडं घातलं होतं. आणि प्रेमाताई, इतका साफ ताप उतरवायला तर आम्हाला तुम्हीच शिकवलंत.

मी विचारलं, आमच्या आधी इथे राहायचे ते कुठे गेले?

ती रडायला लागली.

सुंदराबाई आपल्या दारातूनच ओरडल्या, "तुझ्यापुढे कोण नाय गो, ता काय आमच्या हातात हा?"

किती सहज म्हणाली म्हातारी. माझ्या पुढे खडक आहे. खडकाला ताप येत नाही. माझं पाणी मी कुणाच्या दारात ओतू?

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी जानू उठेना. डोळे अर्धे उघडे. चमच्याने पाणी घातलं, ओठांवरून बाहेर आलं. डॉक्टर म्हणाले होते तेच, अगदी तेच. तिला उचललं आणि निघाले.

गल्ली अडवलेली. बायका, पुरुष, हातात लाकडं, केरसुण्या. ताप घेऊन आमच्या दारावरून जायचं नाही. मी पाया पडले. मी! शिव्या दिल्या, पुन्हा पाया पडले. म्हटलं, हॉस्पिटलात नेते, परत येणार नाही, खोली तुमच्या बोडक्यावर घाला. कुणीतरी लाकूड मारलं, खांद्यावर. जानूला लागलं असतं.

घरात परत आले. पट्ट्या ठेवल्या. थोडा उतरला. वाडगा भरला होता. तो घेऊन मीराच्या दारात गेले.

ती दारात उभी. कडेवर बाळा. मला ओळखून हसला तो, हात पुढे केले. मीरा हलली नाही. मला म्हणते, ओता, माझीच चूक आहे. म्हणते आणि पोराला घट्ट धरते.

फक्त हात तिरका करायचा होता. माझी पोर वाचली असती. देवा, मला ओतायचं होतं, खरंच ओतायचं होतं—

नाही झालं.

घरी आले. दार लावलं. आणि मग सुचलं. पाण्याला माणूसच लागतं ना? घ्या माणूस.

प्यायले. सगळा वाडगा.

जानूने डोळे उघडले. घामाने न्हाली. पेज मागितली! मी हसले, रडले, तिचे मुके घेतले. तिने विचारलं, आई, तू घाण पाणी का प्यायलीस? मी सांगितलं, ते प्यायलं की आजारी माणूस बरा होतो गं राणी. बघ, तू झालीस की नाही?

थंडी वाजतेय. लिहिता येत नाही नीट.

२२ मार्च, शनिवार

अंग पेटलंय. उठवत नाही. जानू बरी आहे, हेच—

मीराला भिंतीतून हाक मारली. पोरीला तरी घे. पोर बरी आहे, तिला ताप नाही, ताईकडे घाटकोपरला पोचव.  पलीकडून तिच्या रडण्याचा आवाज.

जानूला म्हटलं, तू एकटी जा. सोडतील तुला. नाही म्हणते. आई आजारी आहे. मी डॉक्टर.

शहाणी गं माझी ती. वाडगा आणला. नळाचं पाणी. धोतराची पट्टी. पिळली, दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून. कपाळावर ठेवली. बरोबर माझ्यासारखी. काखा पुसल्या. कुणी शिकवलं हिला? मीच—

दुपार. बहुतेक दुपार.

गार वाटतंय. डोळे उघडले. ताप उतरतोय. अक्षर बरं येतंय. उतरतोय.

का उतरतोय?

पट्टी वाडग्यात आहे. वाडगा जानूच्या—

पाणी ओतायला नाही गेली. बसलीय समोर. दोन्ही हातांत धरलाय. माझ्याकडे बघून हसते. तू प्यायलीस नि मी बरी झाले म्हणते, आता मी पण तुला—

हाक मारतेय, घशातून आवाज निघत नाही. हात पोचत नाही. जानू खाली ठेव. ठेव राणी. ओत, मीराच्या दारात ओत, कुणाच्याही दारात ओत, पिऊ