पांढऱ्या साडीचं वळण

आई, लोकांनी तुला भूत केलंय. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. भोरच्या पुढे जो घाट लागतो, त्यातल्या ज्या वळणावर तू गेलीस, तिथे म्हणे पांढऱ्या साडीतली एक बाई उभी असते. हात करून गाडी थांबवते, मागच्या सीटवर बसते, आणि जरा पुढे जाऊन आरशात पाहावं तर सीट रिकामी. जो थांबला त्याची गाडी दरीत. असं मोबाईलवर लिहिलेलं आहे, त्याचे व्हिडिओ आहेत, आणि खाली लोकांनी घाबरून हात जोडलेले आहेत. ती बाई म्हणजे तू. हे लिहिताना मी रडत वगैरे नाहीये. मला राग आलेला आहे, आणि तो तुला सांगितल्याशिवाय उतरायचा नाही.

कळलं ते तुझ्या नातीमुळे. तू तिला पाहिलं नाहीस. ती खराडीला एका कंपनीत आहे, केस बारीक कापते, आणि तुझ्यासारखीच पटापट चालते. तिने, तिच्या ऑफिसातल्या एका मित्राने आणि एका मैत्रिणीने एका रविवारी ‘हॉन्टेड रोड ट्रिप’ काढायची ठरवली. म्हणजे काय, तर पुण्यातली आणि आसपासची भुताची ठिकाणं एका दिवसात बघायची आणि त्याचं शूटिंग मित्राच्या चॅनलवर टाकायचं. गाडी चालवणारा ऐनवेळी तापाने पडला. मी येरवड्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवते, बायकांना गाडी शिकवते, तेव्हा रविवारी सकाळी पोरगी माझ्याच उशाशी येऊन उभी. “आई, तू चल ना. तू असलीस की भुतंच घाबरतील.” मी गेले. शेवटचं ठिकाण एक घाट आहे एवढंच मला सांगितलं होतं. तिलाही आजी अपघातात गेली इतकंच ठाऊक. कुठे, ते मी कधी बोलले नव्हते, कारण तू गेल्यावर बाबांनी आपल्या घरात त्या रस्त्याचं नाव बंद केलं. तुझा फोटो विहाराकडे तोंड करून भिंतीवर लावला, आणि तुझ्याबद्दल बोलायचं थांबवलं.

सकाळ मजेत गेली, खोटं कशाला बोलू. शनिवारवाड्यात मित्राने तिकीट खिडकीवर विचारलं, “काका, इथे खरंच रात्री ओरडण्याचा आवाज येतो का?” खिडकीतला माणूस मानही वर न करता म्हणाला, “दिवसाच इतकी माणसं ओरडतात, रात्रीचं कुणी ऐकायचं? किती तिकिटं?” तिथून कॅम्पाकडे एक बंद बंगला बघायला गेलो. त्याच्या मागच्या खोलीत राहणारी बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. भुताचं विचारल्यावर म्हणाली, “आहे म्हणतात बाई. पण म्हणून मालक भाडं कमी करत नाही.” आम्ही सगळे हसलो. मीही हसले. भुतांवर हसायला तूच मला शिकवलं होतंस.

आपल्या घरामागे कडुलिंब होता, आठवतो? त्यावर कुणी फास लावून घेतला होता, म्हणून आम्ही पोरं तिन्हीसांजेला तिकडे फिरकत नसू. एका शनिवारी तू ड्युटीवरून घरी आलीस. स्वयंपाकघरात तांदळाच्या पेजेचं पातेलं उतरवून ठेवलेलं आहे, त्यात तुझी नर्सच्या युनिफॉर्मची पांढरी साडी भिजते आहे, आणि मी सांगते आहे की झाडाखालचे कपडे काढायला मी जाणार नाही. तू चिडलीस. मी लहान म्हणून सोडून दिलं नाहीस. ओल्या हाताने माझं मनगट धरून तिकडे नेलंस, बुंध्याला पाठ टेकवून बसवलंस आणि स्वतः शेजारी बसलीस. “दिसलं तर मला सांग,” म्हणालीस. “त्याचे डोस राहिले असतील तर देऊन टाकते.” अंधार पडेपर्यंत आपण तिथे बसलो. पेजेची साडी तशीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी कडक होऊन पत्र्यासारखी वाजत होती.

भोर मागे पडलं आणि मला कळलं आपण कुठे चाललोय. हात आपोआप गिअर बदलत होते. सातवीच्या सुट्टीत मी तुझ्या क्वार्टरवर राहिले होते, त्यामुळे रस्ता मला पाठ होता. सरकारी दवाखान्याच्या त्या दोन खोल्या, चुलीवर उकळणाऱ्या सुया, आणि खालच्या वस्तीवरून कुणी धावत आलं की तुझं पिशवी उचलून निघणं. एसटी दिवसातून एकदा यायची. मग तू घाटात वळणावर उभी राहायचीस आणि येईल त्या ट्रकला, जीपला हात करायचीस. मला लाज वाटायची, मी तुझ्या मागे लपायचे. तू म्हणायचीस, “हात असा वर करायचा, पूर्ण. आपण भीक मागत नाही. तिकडे बाळंतीण अडलीये.” आणि गाड्या थांबायच्या, आई. ट्रकवाले केबिनमध्ये जागा करून द्यायचे. “या सिस्टर,” म्हणायचे. त्याच वळणावर एका संध्याकाळी भरधाव आलेली एक गाडी तुला उडवून निघून गेली. ती कुणाची होती ते कधीच कळलं नाही.

वळणावर आता चहाची टपरी आहे. तिच्या शेजारी दगडाला शेंदूर फासलाय, खाली लिंबं, हिरव्या बांगड्या, खणाचे तुकडे. मित्राने कॅमेरा लावला आणि आवाज खोल करून सुरुवात केली, “तर गाइज, हीच ती जागा. व्हाइट साडीवाली इथेच उभी असते, हात पूर्ण वर करून.” टपरीवाला उत्साहाने पुढे आला. “माझ्या चुलत्यानं सोता पाह्यलीय. पाय उलटं व्हतं.”

मी म्हटलं, “पाय सरळ होते. डाव्या पायाला कुरूप होतं, म्हणून चपलेची टाच कापलेली असायची.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोरगी म्हणाली, “आई, काय बोलतेस?”

“ही तुझी आजी आहे,” मी सांगितलं. “नर्स होती. पांढरी साडी सरकारने दिली होती. लिफ्ट मागायची, कारण एसटी नव्हती. आणि हिने गाडी दरीत घालवली नाही, गाडीने हिला घालवलं.”

मित्राचा चेहरा पडला. वाईट नाही तो. पण हळूच म्हणाला, “सॉरी आंटी. पण म्हणजे, हे सांगितलं तर स्टोरीची सगळी मजा जाईल ना.”

“जाऊ दे,” मी म्हटलं. “तुझी मजा माझ्या आईच्या अंगावर उभी आहे. कॅमेरा चालू ठेव.” आणि तुझं नाव, तुझं काम, कुठला दवाखाना, सगळं मी त्या कॅमेऱ्यात बघून सांगितलं. हेही सांगितलं की आमच्या घरात पांढरी साडी म्हणजे विहारात जायची साडी, लग्नाची साडी. मी लग्नात पांढरीच नेसले होते. त्यात घाबरण्यासारखं काय आहे ते मला समजावून द्या. मग वाकून ती लिंबं गोळा केली. टपरीवाला ओरडला, “ओ ताई, हात नका लावू! लोक हितं त्येच्यासाठीच थांबत्यात. माझा धंदा बसंल.” मी म्हटलं, “लोकांना सरबत करून द्या,” आणि लिंबं त्याच्या टेबलावर ठेवली. पोरगी बांगड्या उचलायला लागली होती.

एवढं करून निघालो असतो तर मी तुला पत्र लिहिलं नसतं. गाडीकडे येताना पाहिलं, खालच्या पायवाटेने एक बाई चढून आली. डोक्यावर दळणाचा डबा, अंगावर धुऊन धुऊन फिकी पडलेली साडी. रस्त्याच्या कडेला उभी राहून तिने हात केला. एक गाडी आली, तिला पाहून वेग वाढवून गेली. दुसरी चक्क पलीकडच्या बाजूने वळसा घेऊन गेली, आतली माणसं काचा वर करत होती. बाईला त्याचं काही वाटलं नाही. तिने हात खाली घेतला, डबा सावरला आणि पुढची गाडी यायची वाट बघत राहिली.

मी गाडी तिच्यापुढे आणली. मागे तिघं दाटीने बसली, तिला पुढे घेतलं. “हितं बायामाणसासाठी कोन थांबत न्हाई,” ती म्हणाली. “ते भुताचं हाय ना. सांजच्याला तर अजाबात न्हाई. दवाखान्यात जायचं आसलं तरी पुरुषमानूस संगं लागतो, मगच गाडी थांबती.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“मला कशाची? गाडीवाल्यान्लाच वाटती, माझी.”

तिला तू माहीत नव्हतीस. मीही सांगितलं नाही. पुढे तिच्या वस्तीवर तिला उतरवलं, तिने घोटभर पाणी दिलं, आणि आम्ही परत फिरलो. तू त्या वळणावर उभी राहून गाड्या थांबवायचीस, ते बाया वाचाव्यात म्हणून. आता तुझ्याच नावाने तिथे बायांसाठी गाड्या थांबत नाहीत. भूत म्हणायचं तर याला म्हणायला हवं.

मित्राने व्हिडिओ टाकला. माझं बोलणं त्याने कापलं नाही, त्याबद्दल मी त्याला मानते. फार कुणी पाहिला नाही. खाली एकाने लिहिलंय की ही आंटीच भूत वाटते. पोरगी भांडायला निघाली होती, मी म्हटलं, राहू दे, बरोबर ओळखलंय त्याने. टपरीवाल्याने दगडावर पुन्हा लिंबं मांडली असणार, याचीही मला खात्री आहे. पण शिकाऊ बायकांना घाटात गाडी चालवायला शिकवावी लागते, ती मी आता दुसऱ्या कुठल्या घाटात शिकवत नाही. पांढरी साडी नेसून शेजारी बसते. वळणावर कुणी बाई उभी असली की म्हणते, “इंडिकेटर द्या, डावीकडे घ्या, थांबा.” पहिल्यांदा त्यांची गाडी बंद पडते. एकीने मला विचारलं, “मॅडम, आणि खरंच ती असली तर?” मी म्हटलं, “तर मागचं दार आतून उघडून द्या. तिला घाई असते.” बायका थांबतात, आई. वस्तीवरच्या बायकांना आता आमची ‘एल’वाली गाडी लांबून ओळखू येते.

हे पत्र मी कुठेही टाकणार नाही, आणि तुझ्या फोटोपुढेही वाचणार नाही, कारण यातली एक गोष्ट माझ्या लेकीला कळू नये असं मला वाटतं. तिला वाटतं, मी त्या मुलाचं बोलणं ऐकल्याबरोबर भडकले. तसं झालं नाही. राग नंतर आला. पांढऱ्या साडीतली बाई इथे उभी असते, हात पूर्ण वर करते, असं तो म्हणाला, तेव्हा आधी मला नुसतं बरं वाटलं. बाबा गेल्यापासून माझ्याखेरीज तुला आठवणारं कुणी उरलं नव्हतं, आणि हा कोण कुठला पोरगा तू कशी उभी राहायचीस ते सांगत होता. टपरीवाल्याने मध्येच तोंड उघडलं म्हणून मी बोलले. नाहीतर मी त्याला म्हणणार होते, जरा परत सांग.