रंगमास्तरांची फुलपाखरं

शनिवार, ३ सप्टेंबर १९९४

मोर! फुलपाखरांचे पंख उपटून त्यांचा मोर करणार आहेत. नव्या हॉटेलच्या भिंतीवर, काचेखाली. आणि हे हृषीकेशदादा मला हसत हसत सांगतो!

फुलपाखरं त्याच्या वडिलांची. देवलनाना बाबांच्या मिलमध्ये रंगमास्तर होते. सुट्टी मिळाली की जाळी घेऊन निघायचे, म्हातारे झाले तरी. होळीनंतर गेले. मिल त्यांच्याही आधी गेली. आता जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात पलंगाखाली सागवानी पेट्या आहेत, आणि दादाला त्या हॉटेलवाल्यांना विकून, पलंग काढून सोफा-कम-बेड आणायचाय. पीथमपूरला नोकरी लागल्यापासून त्याला सगळंच नवीन पाहिजे.

सोमवार, ५ सप्टेंबर

नानांच्या बायकोनं, शशिकलाकाकूंनी, दुपारी पेट्या उघडून दाखवल्या. डांबरगोळ्यांचा वास. प्रत्येक टाचणीवर एक फुलपाखरू आणि त्याखाली बोटभर चिठ्ठी – गाव, तारीख. 'सांवेर, ऑक्टोबर १९६१.' तेव्हा सांवेरला सोयाबीन नव्हतं. गवत होतं, ज्वारी होती. त्या गवतावर काय उडायचं ते आज कुणाला विचारायचं? ट्रॅक्टरला? चिठ्ठी काढून टाकली की उरतो नुसता रंगीत कचरा. मग खुशाल मोर करा!

चिठ्ठीशेजारी सुताचा तुकडाही टोचलेला. पंखावरचा रंग नाना मिलच्या रंगखात्यात उतरवून बघायचे. जमला की तेच सूत इथे. घरी येऊन सांगितलं तर आईनं ट्रंकेतून जुनं लुगडं काढलं. जांभळी किनार. "हा त्यांचाच रंग. तुझ्या बाबांच्या मागावर निघालेलं." म्हणजे निम्मं इंदूर फुलपाखरांचे रंग नेसत होतं आणि कुणाला पत्ता नाही!

गुरुवार, ८ सप्टेंबर

कॉलेजात गेले. प्राणिशास्त्राच्या आमच्या सरांना म्हटलं, एक कपाट द्या, बाकी सगळं मी करते. ते म्हणाले, "कीर्ती, ये तो प्रायव्हेट कलेक्शन है, बेटा. हॉबी. डिपार्टमेंट इसका क्या करेगा?"

हॉबी! मोठमोठ्या म्युझियममधले संग्रह आधी कुणाच्या तरी घरातच होते ना? शिक्का मारला की विज्ञान, पलंगाखाली असलं की छंद! जागा आणि तारीख नसेल तर नमुना निरुपयोगी, हे याच सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. इथे दोन्ही आहेत. आमच्या लॅबमधल्या अर्ध्या बाटल्यांवर तर नावंसुद्धा नाहीत.

चिडून पायीच घरी आले.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

बाबा म्हणाले, "मिल बंद झाली तेव्हा इतकी चिडली नव्हतीस." तेव्हा मी बारावीत होते! पण ताट अर्धवट टाकून उठले.

सोमवार, १२ सप्टेंबर

दादाशी कडाडून भांडले, त्याच्याच घरात.

"अगं, मार्केट खुलं झालंय आता. पडून राहिलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळतंय तर तुझ्या पोटात का दुखतं?"

"माल नाही तो!"

"मग काय, तुझे नातेवाईक आहेत? राखी बांध त्यांना."

काकूंनी चहा आणून ठेवला. "भांडू नका रे. दसऱ्यापर्यंत पेट्यांना कुणी हात लावायचा नाही. मी बघते."

बघते म्हणजे काय? मुलापुढे काकू किती टिकणार? त्यांच्या त्या मवाळपणाचाच जास्त राग आला. नवऱ्याचं आयुष्यभराचं काम, आणि तोंडातून एक 'नाही' निघत नाही!

मंगळवार, १३ सप्टेंबर

सापडलं! डॅनेड एगफ्लाय – नारिंगी मादी, दुसऱ्याच फुलपाखराचं सोंग घेणारी – वन्यजीव कायद्याच्या यादीत आहे. विकणं गुन्हा! नानांच्या पेटीत ती आहे, मी डोळ्यांनी पाहिली.

सगळी चाळ माझ्याकडून अर्ज लिहून घेते – पी.एफ., रेशन, नळ. घरातली पहिली ग्रॅज्युएट, दुसरा काय उपयोग? आज पहिल्यांदा माझ्या मनातला अर्ज लिहिला. 'दुर्मीळ व कायद्याने संरक्षित फुलपाखरांची विक्री होणार असून ती त्वरित थांबवावी...' मग हिंदीत उतरवला. देवलांचं नाव, पत्ता, खाली माझी सही, बी.एस्सी. वनखात्याला रजिस्टर पोस्टानं पाठवला. आता करा मोर!

मंगळवार, २० सप्टेंबर

उत्तर नाही. झोपलेत सगळे.

मंगळवार, २७ सप्टेंबर

जीप आली! दोन माणसं देवलांकडे जाऊन विचारून गेली – पेट्या किती, कुठून आणल्या, परवाना आहे का. शुक्रवारी परत येणार. काकूंच्या शेजारच्या मंजुळाबाई बाजारात भेटल्या. "अगं, पूरी गल्ली बाहेर! लोक म्हणतायत देवलांकडे वाघाची खाल निघाली." इतकी हसले! कागदात ताकद असते, मी म्हणतच होते.

बाबा हसले नाहीत. "काकूंना विचारलं होतंस?"

"त्यात काय विचारायचं? त्यांच्याच भल्याचं आहे."

शुक्रवार, ३० सप्टेंबर

सकाळीच धावत गेले. पेट्या गच्चीवर उन्हात. उघड्या, रिकाम्या, पुसलेल्या.

"काल सगळं बंबात घातलं," काकू म्हणाल्या. "हृषीकेशची नवी नोकरी आहे गं. वॉरंट-बिरंट निघालं तर? चिठ्ठ्या आधी जाळल्या. त्यांच्यावर तारखा होत्या ना."

अर्ज कुणाचा हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं.

काकूंनी पुसलेलीच एक पेटी पुन्हा पुसायला घेतली. मग म्हणाल्या, "मला सांगायचंस तरी, बाई. दसऱ्याला सगळ्या तुझ्याच घरी पाठवणार होते. ठेलेवाल्याला सांगूनही ठेवलं होतं."