कंप्युटर बंद करू नये

१ जून, सोमवार. सकाळ.
नोकरी सोडून तीन महिने झाले. विश्रांती पुरे. आजपासून काम.
बायकोच्या दातांच्या दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर करणार. पेशंट, अपॉइंटमेंट, कोणत्या दाताचं काय केलं, सगळं एका स्क्रीनवर. सध्या हा कारभार एका जाड रजिस्टरात चालतो. रिसेप्शनच्या ताई त्यात पेन्सिलीने लिहितात आणि वेळ बदलली की खोडरबराने खोडतात. मला बघवत नाही.
मुदत तीस तारखेची. त्या दिवशी डेंटिस्ट संघटनेचे अध्यक्ष दवाखान्यात येणार. त्यांना पसंत पडलं तर आणखी सहा दवाखाने हेच सॉफ्टवेअर घेतील आणि माझी स्वतःची कंपनी उभी राहील. नाही पडलं तर एक जुलैपासून मी मेहुण्याच्या ऑफिसात टेस्टर म्हणून रुजू व्हायचं, असं बायकोशी ठरलंय. मेहुण्याच्या हाताखाली! आमचं लग्न झालं तेव्हा तो शर्टाच्या बाहीला नाक पुसत होता. त्यापेक्षा मी अक्कलदाढ बिनभुलीची काढून घेईन.
बायकोने विचारलं की महिना पुरेल ना. म्हटलं, अर्धा उरेल.

१ जून. संध्याकाळ.
लोगो तयार. हसरा दात. दाताला हात काढावेत की नाही यात दुपार गेली. काढले.

३ जून
आज खरी सुरुवात. डेटाबेसची भाषा वेगळी असते, एसक्यूएल. पण हल्ली ती बोलतं कोण? मधे एक मॅपिंग लायब्ररी ठेवायची. आपण पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नुसतं ‘नवा पेशंट’ म्हणायचं, ती दुभाष्यासारखी जाऊन डेटाबेसमध्ये त्याची ओळ लिहून येते. मला एसक्यूएल येत नाही असं नाही. मला त्याची गरज पडत नाही.
लायब्ररीची माहितीपुस्तिका फार लांब आहे. ‘नेहमीच्या अडचणी’ असं एक प्रकरणच आहे. ते नेहमीच्या लोकांसाठी असावं. सोडून दिलं.

५ जून
पहिला पेशंट म्हणून स्वतःचंच नाव भरलं. स्क्रीनवर दिसलं! बायकोला हाक मारली. ती हातमोजे घालूनच आली, बघितलं, छान म्हणाली. मग प्रोग्रॅम बंद करून परत उघडला, तर मी नाही.
परत भरलं. बंद केलं. परत गायब. अँटिव्हायरसचा संशय आहे. ताईंचाही आहे, पण त्या आज रजेवर होत्या.

८ जून
मेहुण्याला फोन केला. मदतीसाठी नव्हे, सहज, तब्येतीची चौकशी. बोलता बोलता एका मित्राची अडचण म्हणून सांगितली. तो लगेच म्हणाला की भाऊजी, तुमचा मित्र कमिट करायला विसरतोय. डेटाबेसला शेवटचा होकार दिल्याशिवाय तो काहीच पक्कं करत नाही, आणि मित्राला सांगा, बंद करून परत चालू करून बघत जा, तेव्हाच खरं काय ते कळतं.
म्हटलं, मित्राला सांगतो. फोन ठेवून कमिटची ओळ घातली. चाललं.
ती ओळ मी मुद्दामच घातली नव्हती. अर्धवट माहिती पक्की होऊ नये म्हणून. हे त्याला सांगायला हवं होतं.

१० जून
बायकोला पेशंटचा फोन नंबरही हवा. आधी का नाही सांगितलं? पण चिडलो नाही. कोडमध्ये एक ओळ वाढवली. एरर: असा रकानाच नाही म्हणे. अरे, आत्ता तर लिहिला!

१२ जून
दोन दिवस तोच एरर. आता उमगलं. ही लायब्ररी तक्ता नसेल तर नवा बांधून देते, पण एकदा बांधलेल्या तक्त्याला हात लावत नाही. नवा रकाना हवा तर मायग्रेशन नावाचं वेगळं काम करावं लागतं. मित्राच्या मेहुण्याने, म्हणजे माझ्याच, तसं सांगितलं.
मला त्याहून सोपा उपाय सापडला. डेटाबेसची फाइलच उडवायची. पुढच्या वेळी नवा तक्ता आपोआप बांधला जातो, नव्या रकान्यासकट. उंटावरच्या शहाण्याला हे सुचलं नाही.

१३ जून
दर वेळी फाइल उडवायचा कंटाळा आला. त्यावरही तोड काढली. सेटिंगमध्ये फाइलचं नाव असतं, तिथे ‘मेमरी’ एवढंच लिहिलं. आता डेटाबेस फाइलमध्ये नसतोच. कंप्युटरच्या डोक्यात असतो, आणि दर वेळी कोरा करकरीत सुरू होतो. वेगही भन्नाट.
काम संपलं की तिथे परत फाइलचं नाव घालणे. हे लक्षात ठेवायची गरज नाही, माझ्या लक्षातच आहे.

१६ जून
दिवसभराच्या अपॉइंटमेंटची यादी उघडायला फार वेळ लागतो. ताई म्हणाल्या की यादी येईपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल. त्यांना नवीन काही पचतच नाही.
लायब्ररी आत काय करते ते स्क्रीनवर दाखवायची सोय आहे. ती चालू केली. ओळींमागून ओळी धावायला लागल्या. बायकोला दाखवलं, बघ किती काम करतंय. तिने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं की हे सारखं तेच तेच का विचारतंय.
दुर्दैवाने तिचं बरोबर होतं. लायब्ररी आधी अपॉइंटमेंटची यादी आणते. मग पहिल्या पेशंटच्या नावासाठी परत डेटाबेसकडे जाते. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. बायको म्हणाली की तू दुकानात जातोस तसंच आहे हे, मिठाला एक फेरी, साखरेला दुसरी, आणि काडेपेटी तिसऱ्या फेरीतही विसरायची. हे अनावश्यक होतं.
सगळी नावं यादीबरोबरच एकदम मागवता येतात. एका शब्दाचं काम. मेहुण्याला न विचारता पुस्तिकेत सापडलं, ‘नेहमीच्या अडचणी’मध्ये. चुकून उघडलं गेलं होतं.

१९ जून
आता लाल एरर येतात. ‘ही वस्तू सेशनपासून तुटली आहे’ असं काहीतरी. सेशन म्हणजे लायब्ररीची डेटाबेसबरोबरची बैठक. बैठक संपल्यावर पेशंटविषयी काही विचारलं की ती हात वर करते. ताई प्रत्येक एररला बायकोला बोलावतात आणि बायको तोंडात आरसा घातलेला पेशंट तसाच सोडून येते. पेशंट आ वासून छताकडे बघत बसतो.
कारण शोधायला दोन दिवस लागले असते. त्याऐवजी सगळ्या कोडभोवती कुंपण घातलं: एरर आला तर काही करू नकोस, पुढे जा. झाकली मूठ सव्वा लाखाची.
दुपारपासून एकही एरर नाही. ताईंना सांगितलं, बघा, सगळे गेले.

२२ जून, सोमवार
ऐतिहासिक दिवस. कोड गोठवला. मोठ्या कंपन्यांत असंच करतात, शेवटच्या आठवड्यात कोडला कोणी शिवायचं नाही. आजपासून खऱ्या अपॉइंटमेंट फक्त सॉफ्टवेअरमध्ये.
बायकोचं म्हणणं होतं की आठवडाभर रजिस्टरही चालू ठेवू. मी ठाम नकार दिला. दोन डगरींवर हात ठेवू नये. ताईंकडून पेन्सिल आणि खोडरबर समारंभपूर्वक काढून घेतलं. त्यांनी निदान पेन्सिलीचं टोपण मागितलं, तेही दिलं नाही.
सर्व्हर कधी बंद करत नसतात. कंप्युटरच्या बटणावर कागद चिकटवला: ‘बंद करू नये.’

२३ जून
मेहुण्याचा फोन. बॅकअप घेता ना? म्हटलं, रोज. मग घ्यायला म्हणून डेटाबेसची फाइल शोधली. सापडली नाही. सगळे फोल्डर पालथे घातले. म्हणजे चोरालाही सापडणार नाही.

२५ जून
सासूबाईंची जुनी कवळी मोडली. नवी कवळी करायला टाकण्यासाठी आज अकराची वेळ होती. सासूबाईंचं नाव यादीत दोनदा आलं होतं, एकदा आद्याक्षराने, एकदा पूर्ण. टापटिपीसाठी मी काल एक डिलीट केलं. पेशंट उडवला की लायब्ररी त्याच्या अपॉइंटमेंटही उडवते, तशी ओळ मीच कुठूनतरी उचलून चिकटवली होती. सासूबाईंच्या सगळ्या वेळा त्याच नावावर होत्या. कवळीचं मापही.
त्या अकराला आल्या तेव्हा खुर्चीत दुसरंच कोणी बसलं होतं. त्यांनी मला बरंच ऐकवलं. दात नसल्यामुळे शब्द नीट कळले नाहीत, आशय कळला. माप परत घ्यावं लागलं. कवळी आता तीसनंतर. तोवर पेजेसारखं पातळ.
बायकोने विचारलं की आणखी कुणाचं काही उडालंय का. म्हटलं, छे! बघितलं नव्हतं.

२८ जून, रविवार
ताई, बायको आणि मी, तिघांनी बसून जुने सगळे पेशंट भरले. बायकोने सुट्टी घालवली, तक्रार केली नाही. टाइप करताना म्हणाली की तुझं हे जमलं ना, तर मला खरंच बरं वाटेल, भावाकडची नोकरी मी नाइलाजाने सुचवली होती. म्हटलं, जमलंच आहे.
वेग बघून ताईसुद्धा पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत. कंप्युटर सहा दिवस अखंड चालू आहे.
मनाला सारखं वाटतंय की काहीतरी करायचं राहिलंय. बहुधा लोगोतले हात. जरा आखूड आहेत.

३० जून, मंगळवार. सकाळ.
अध्यक्ष दहाला येणार. इस्त्रीचा शर्ट. नऊलाच दवाखान्यात पोचलो. माउस थोडा अडखळत होता. आठ दिवस चालून कंप्युटर दमला असणार. पाहुण्यांपुढे ताजातवाना हवा. कागद बाजूला करून मीच रीस्टार्ट केला.

३० जून. रात्र.
अध्यक्ष वेळेवर आले. मी सॉफ्टवेअर उघडलं. हसरा दात आला, त्याने हात हलवले. मग यादी आली. ‘आज अपॉइंटमेंट नाहीत.’
पेशंटची यादी उघडली. ‘पेशंट नाहीत.’
एरर एकही नाही. कुंपण चोख होतं.
अध्यक्षांच्या मागे वेटिंग रूम गच्च भरलेली. ताईंनी मान वर करून एकदा माझ्याकडे, एकदा बटणावरच्या कागदाकडे बघितलं. बायकोने बाहेर जाऊन विचारलं की दहाची वेळ कुणाची. सात हात वर झाले. शेवटी कवळीची चौकशी करायला आलेल्या सासूबाईंनी, तोंडात एकही दात नसताना, नुसत्या बोटाने सगळ्यांना रांगेत बसवलं. सुजलेले पुढे, बाकीचे मागे. कोणी हुज्जत घातली नाही.
अध्यक्षांनी चहा घेतला. जाताना म्हणाले की पेशंटची माहिती गुप्त राहावी असा आमच्या संघटनेचा आग्रहच असतो, पण इतकी नव्हे.
सेटिंग उघडून बघितलं. ‘मेमरी’.
ताईंना पेन्सिल, खोडरबर आणि टोपण परत केलं. आठवडाभरात फोनवर दिलेल्या वेळा आता त्या एकेकाला फोन लावून विचारणार आहेत. ज्यांचे नंबर दवाखान्याच्या फोनमध्ये राहिलेत त्यांना.
घरी आल्यावर बायको ओरडेल म्हणून तयारीत बसलो होतो. ती ओरडली नाही. तिने विचारलं की अडत होतं तर एकदा तरी सांगायचंस, मी अध्यक्षांना पुढच्या महिन्यात बोलावलं असतं. मी म्हणालो, कुठे काय अडत होतं? तिने ताट वाढलं.
जेवण गेलं नाही. ती आत झोपलीय. उठवून सांगावंसं वाटतंय की पाच तारखेपासून अडत होतं.
सकाळी सांगेन.

१ जुलै, बुधवार
सकाळी घाई होती.
मेहुण्याच्या ऑफिसात रुजू झालो. खुर्ची बरी आहे, एक चाक कमी. मेहुणा सगळ्यांसमोर भाऊजी म्हणाला आणि स्वतः उठून पाणी आणून दिलं. अपमान करायचीही एक पद्धत असते.
पहिलं काम: त्यानेच लिहिलेला प्रोग्रॅम तपासायचा. डेटाबेस, मॅपिंग लायब्ररी, सगळं तेच. मनातून बरं वाटलं. महिनाभरात या लायब्ररीने दाखवायची एकही खोड बाकी ठेवली नव्हती. मेहुण्याच्या चुका मी एका तासात काढल्या असत्या.
संध्याकाळपर्यंत बसलो. पेशंटच्या जागी इथे गोदामातले खोके आहेत. भरले, उडवले, रकाने वाढवले. एकही एरर नाही. कुंपण असणार, म्हणून कोड बघितला. कुंपण नव्हतं. सांगायला गेलो की सगळं ठीक. त्याने विचारलं, भाऊजी, बंद करून परत चालू करून बघितलं ना? म्हटलं, तो काय प्रश्न झाला!
मग जागेवर येऊन, तो कॉफीला गेल्यावर, बंद करून परत चालू केलं.
सगळे खोके जागच्या जागी होते. फार वाईट वाटलं.