साबण कारखान्यातला राजेशाही फ्लॅट

३ मे
आमचा राहता फ्लॅट विकायला तयार! नवं किचन, नवी बाथरूम, खाली ओकच्या लाकडाची जमीन, भिंतींना 'चांदणे' नावाचा रंग. सगळं माझ्या हातचं. आयुष्यभर नाटकांचे सेट उभारले. राजवाडे, तुरुंग, एकदा तर अख्खं जहाज. जुन्या साबण कारखान्यातला एक फ्लॅट म्हणजे माझ्या हातचा मळ. जाहिरातीत लिहिलं: 'पार्कडेलच्या कलावंत वस्तीत राजेशाही घर.'
बायको, हालिना, हिवाळ्यातच कॅल्गरीला गेली, आमच्या लेकीकडे, बोझेनाकडे, नातीला सांभाळायला. घर विकून मी मागोमाग जायचं असं ठरलंय. महिनाअखेर तिथे असेन.
एजंट नको. ही जागा माझ्याइतकी कोणाला माहीत आहे?

९ मे
पहिलं गिऱ्हाईक. नवराबायको, दोघं दातांचे डॉक्टर. खूश दिसले. बाईंनी विचारलं, "वर कोण राहतं?" लपवाछपवी माझ्या रक्तात नाही. सांगितलं, ऑस्बर्न. त्रिनिदादचा, देवमाणूस, कार्निव्हल होईपर्यंत रोज स्टीलपॅनचा, म्हणजे पत्र्याच्या पिंपाच्या ड्रमचा, सराव करतो. नुसतं सांगून काय कळणार, म्हणून त्यालाच खाली बोलावलं. तो बिचारा ड्रम घेऊन आला. मनापासून वाजवलं.
डॉक्टरांना अचानक काम आठवलं.
कान नाहीत. अशांच्या घशात हे घर घालायचं नाही.

१७ मे
हालिनाचा फोन. "विकलं?"
म्हटलं, विचार चालू आहे.
"कोणाचा?"
म्हटलं, लोकांचा.
"अरे, एजंट नेम की सरळ."
तिला व्यवहारातलं कळत नाही. बोललो नाही तसं. संसार टिकवायचा तर काही गोष्टी गिळाव्या लागतात.

२४ मे
ओपन हाउस, म्हणजे ज्याला वाटेल त्याने येऊन घर बघावं. सकाळपासून पिएरोगी, आमच्याकडच्या उकडलेल्या करंज्या, लाटल्या. बटाट्याच्या आणि कोबीच्या. लोटली की गर्दी! ऑस्बर्न, खालची विणकाम करणारी फेरेरा बाई, कठपुतळ्या बनवणारे दोघे भाऊ, त्यांचे मित्र, मित्रांचे कुत्रे. सगळ्यांनी घराची तोंडभरून स्तुती केली. घ्यायला आलेलं एक कुटुंब दारातून डोकावून म्हणालं, "तुमच्याकडे कार्य दिसतंय, नंतर येतो."
पिएरोगी संपल्या. प्रतिसाद उदंड.

६ जून
एकटी बाई, आर्किटेक्ट. म्हणजे जाणकार. किचनच्या ओट्यावर टिचकी मारून म्हणाली, "हे संगमरवर नाही ना?" अभिमानाने सांगितलं, प्लायवूड! वरच्या रेषा मी कोंबडीच्या पिसाने काढल्यात. ती "अरे देवा" म्हणाली. थक्क झाली असणार.
मग नीट घर दाखवलं. बोझेना पहिलं पाऊल कुठे टाकून पडली. मैत्रिणीशी भांडली की हालिना कुठल्या खिडकीत उभी राहते. फेब्रुवारीत ऊन सोफ्यावर कुठवर येतं. बाई घड्याळ बघायला लागली, पण हिवाळ्यातलं ऊन महत्त्वाचं असतं.
जाताना विचारलं, "तुम्हाला खरंच विकायचंय का हो?"
विचित्र प्रश्न. शिकलेली माणसं कधीकधी फार आडवळणाने बोलतात.

१४ जून
बोझेनाचा फोन. "ताता, आई रडते रे हल्ली."
म्हटलं, नात रडत असेल. लांबून आवाज सारखेच वाटतात.
"मी इथेच आहे, ताता. लांब तू आहेस."
आणि फोन बंद. लाइन गेली असावी.

२१ जून
हालिना. फोनवर आरडाओरडा नाही. हे लक्षण वाईट.
म्हणाली, "तादेक, तुला ते घर सोडवत नाहीये. तसं सांगून टाक. मी जेवणाच्या टेबलावर तुझी ताटली मांडायची बंद करते."
म्हटलं, भलतंच काय? बाजार मंद आहे.
"बाजार नाही, तू मंद आहेस."
मला वाटलं आता हसेल. हसली नाही. वर ऑस्बर्न एकाच जागी पुन्हापुन्हा चुकत होता. बराच वेळ आम्ही दोघं तेच ऐकत राहिलो.

२२ जून
एजंट नेमली. निर्णय सर्वस्वी माझा. नाव डोल्कर, तिबेटी, याच गल्लीत वाढलेली. घर बघून तिने एकच अट घातली. "मी दाखवेन तेव्हा तुम्ही इथे नसायचं."
कबूल केलं. तिचाही आत्मविश्वास वाढायला हवा.

२८ जून, दुपार
समोरच्या मोमोवाल्याकडे बसलोय. लोक आत जाताना दिसतायत. पंख्याची कळ उलटी आहे, ते कोण सांगणार त्यांना? राहवेना. वर गेलो. दार आतून बंद. ठोठावलं.
आतून डोल्कर म्हणाली, "मोमो गार होतील, व्रोनासाहेब. जा."
तिला कसं कळलं, मी बोललोसुद्धा नव्हतो.

संध्याकाळ
विकलं. दोघांची चढाओढ झाली म्हणे.
घेणारी मातीची भांडी करणारी बाई, गयानाची, हसरी. हात हातात घेऊन म्हणाली, "काय जागा आहे हो! ही उंची, हा उजेड, ही माणसं!" मी किचनचं विचारलं. म्हणाली, "ते सगळं काढणार. बाथरूम पण. आणि रंग खरवडून जुन्या विटा मोकळ्या करायच्या. कोणी लिंपल्या असतील हो?"
म्हटलं, माहीत नाही.

हालिनाला फोन केला. म्हणाली, "आता काय कारण काढशील?"
मी शोधलं. प्रामाणिकपणे शोधलं. सामान, ऑस्बर्नचा कार्निव्हल, गुडघा. एकही तोंडातून बाहेर पडेना.
म्हटलं, शनिवारी येतो.
ती म्हणाली, "ये. आपल्या खोलीला बोझेनाने रंग दिलाय. बरा झालाय. तू कशालाही हात लावायचा नाहीस."
बरं म्हटलं.