दौडीत शेवटचा आल्याची हकीकत

मुकुंदवाडी, औरंगाबाद
दि. ३० जानेवारी १९९४

प्रिय साहेबराव यास,

कडूबाकडून जय भीम. (आधी रामराम लिहिला होता, तो खोडला. मग जय भीम लिहिला तर वाटलं, तू म्हणशील याला आता बरी आठवण झाली. म्हणून नुसताच नमस्कार लिहिला, तर बानाबाई म्हणाली, तहसीलदाराला अर्ज करता का? तीन कागद वाया गेल्यावर जे मनात होतं तेच ठेवलं.) इकडं आम्ही सगळे खुशाल. तुझी, वहिनींची, लेकरांची तब्येत बरी असावी. गोजरमायचे गुडघे अजून दुखतात का? माय तुझी असली तरी तिच्या हातच्या भाकरी मी तुझ्यापेक्षा जास्त खाल्ल्यात, म्हणून विचारायचा हक्क बजावतो. अक्षरावरून तू ओळखलंच असशील. ओळखून पत्र चुलीत घालायचा इरादा असेल तर तोही तुझा हक्क. तू माझ्या दारात आलास आणि मी घरात असून नाय म्हणवलं, त्याला साडेपंधरा वर्षं झाली. तेव्हापासून आपली बोलचाल बंद. ती पुन्हा सुरू व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र. पण सरळ मुद्द्यावर यायला तोंड नाय, म्हणून आधी माझी फजिती ऐक.

तर साहेबराव, मी बेचाळिसाव्या वर्षी पळायला लागलो. हसू नको. चिकलठाण्याच्या कंपनीत बारा वर्षं पॅकिंगला आहे, खोकी बांधता बांधता मीच खोक्यासारखा झालोय. कंपनीच्या डॉक्टरानं छातीला नळी लावली, पोटावर टिचकी मारली आणि सांगितलं, रोज सकाळी पळा, नायतर कठीण आहे. आता आपल्याकडं कारणाशिवाय कोणी पळतं का? पहिल्याच दिवशी मुकुंदवाडी स्टेशनापाशी एका म्हातारीनं मला धरून बसवलं, तांब्याभर पाणी पाजलं आणि समजूत घातली की बाबा, गाडी गेली, आता दुपारच्यानं जा. मी तिचं मन मोडलं नाय, थोडा वेळ दुपारच्या गाडीची वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतला पानटपरीवाला पुंजाराम माझ्या संगं पळायला लागला. मला वाटलं, चला, जोडीदार मिळाला. अर्ध्या कोसावर धापा टाकत विचारतो, कोण वारलं? कोणीच नाय म्हटल्यावर असा भडकला, म्हणे मी उघडी टपरी टाकून आलो अन् तुम्ही तब्येत करताय व्हय! चार दिवस मला पान दिलं नाय. चड्डीचा तर विषयच काढू नको. बानाबाईनं सरळ सांगितलं, पोरीला बघायला पाहुणे येणार आणि बाप चड्डीवर जालना रोडनं हुंदडतो, हे या घरात चालायचं नाय. म्हणून मी पायजमाच घालतो आणि घोट्यापाशी पॅकिंगची सुतळी बांधतो. पळताना वारा भरला की पायजमा फुगतो आणि कुत्री मागं लागतात. (माझा वेग वाढला त्यात डॉक्टरापेक्षा कुत्र्यांचा हात मोठा आहे.)

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या गेटावर आप्पासाहेब नावाचा टाइमकीपर आहे. सातला एक मिनिट उशीर झाला की लेट मांडणारा, सख्ख्या भावालाही न सोडणारा इसम. सव्वीस जानेवारीला चिकलठाणा ते क्रांती चौक अशी कामगार दौड ठरली, आठ किलोमीटर. प्रत्येक कंपनीनं दहा माणसं द्यायची होती. नऊ कशीबशी झाली, दहावा म्हणून साहेबानं आप्पासाहेबालाच पकडलं. त्यानं त्या रागात नवातला एक खोडून माझं नाव घातलं, कारण काय तर रोज सकाळी गेटाकडं मीच सगळ्यात जोरात पळत येतो. छातीवर लावायला नंबराचं फडकं मिळालं. बानाबाईनं ते गोधडीच्या दोऱ्यानं इतकं पक्कं शिवलं की सदऱ्यासकट बनियनलाही टाके बसले. अजून मला दोन्ही कपडे एकदमच काढावे लागतात.

दौड सुरू झाली आणि माणसं अशी सुटली जशी शेतात टोळधाड. मी आपल्या बेतानं निघालो. मुकुंदवाडी येईपर्यंत निम्मे धापा टाकत होते आणि मी गडी ताजा! पुंजाराम टपरीवर चढून ओरडत होता, आमचा कडूबा, आमचा कडूबा. रस्त्याकडंच्या कोणीतरी सांगितलं की तुम्ही विसाव्या नंबरवर आहात. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि तिथंच माझं बिनसलं. तुला तर माहीत आहे, आमच्या घरात मेंढरांच्या पुढं थोरला चालायचा आणि मी कायम मागं. लंगडलेलं, थकलेलं, झुडपात अडकलेलं जे राहील ते गोळा करून आणायचं काम माझं. शाळेच्या सुट्टीत तू आमच्या संगं यायचास तेव्हा तुझंही तेच. ती खोड हाडात बसलीय. मागं कोण राहिलं हे बघितल्याशिवाय माझी मान सरळ राहत नाय. म्हणून वळून बघितलं, तर लांब मागं आप्पासाहेब एक बूट हातात घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेला. साहेबराव, हाच तो माणूस जो माझे लेट मांडतो, हे कळत असून माझे पाय उलटे फिरले. समोरून येणारे ओरडत होते, अहो काका, क्रांती चौक तिकडं! मी म्हटलं, आलोच.

मग एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. सिडको चौकापर्यंत माझ्याकडं अकरा माणसं जमली. मी कडुलिंबाची एक फांदी मोडून घेतली (मारायला नाय, नुसती हातात असली की मला सुचतं) आणि तोंडानं हुर्र हुर्र करत सगळ्यांना डाव्या अंगानं हाकायला लागलो. एक जाडजूड इंजिनिअर चहाच्या गाडीकडं वळला, त्याला परत आणला. आकाशवाणीपाशी मोजले तर दहाच भरले! सगळ्यांना थांबवलं. अकरावा ॲम्ब्युलन्समागं सावलीत आडवा झाला होता, त्याला उठवून रांगेला लावला. क्रांती चौकात पोचलो तेव्हा मांडववाले खुर्च्या उचलत होते. मी रेषेपाशी बाजूला उभा राहून एकेकाला आत घातलं, अकरा मोजले आणि मग स्वतः गेलो. पंच वैतागून म्हणाला, काका, तुम्ही आधी गेला असता तर शेवटून बारावे तरी आला असता. दोनशे तेरा पळाले आणि मी दोनशे तेरावा. आप्पासाहेब माझ्या गळ्यात पडून रडला. (दुसऱ्या दिवशी सात वाजून एक मिनिटाला त्यानंच माझा लेट मांडला.)

तिथं सुतळी सोडत बसलो होतो. ते अकरा जण चहा पीत हसत होते आणि मला एकदम रडू फुटलं. ज्यांची नावंही माहीत नाय अशांसाठी मी मागं फिरलो. आणि तू काय मागायला आला होतास? गोजरमायला घेऊन एसटीपर्यंत संगं चल, एवढंच. विद्यापीठाच्या नावावरून गाव पिसाळलं होतं, तुमच्या वस्तीचं दळण-पाणी बंद केलं होतं. वाटेत कोणी अडवू नये म्हणून तुला गावातला एक माणूस बरोबर हवा होता. मी कणगीमागं उभा राहिलो आणि बानाबाईला सांगायला लावलं, मेंढरांकडं गेलेत. तू खाली बघितलंस. माझ्या वहाणा उंबऱ्यापाशीच होत्या. मग तू मायचा हात धरून निघून गेलास. मी भेकड होतो, साहेबराव. दुसरा शब्द नाय. परवाच्या चौदा तारखेला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तुमच्याकडचे फटाके मुकुंदवाडीपर्यंत ऐकू आले. मी पेढे आणले आणि आमच्याच घरात बसून खाल्ले.

गोजरमायच्या पायांवर डोकं ठेवतो. लेकरांना माझ्याकडून गालगुच्चे. तुला काय द्यावं ते सुचत नाय.

तुझा (म्हणायची मुभा अजून असेल तर),
कडूबा

ता. क. डॉक्टराचं सगळं खोटं आहे. आमच्या कंपनीत डॉक्टर नाय, आयोडिनची बाटली आहे. खरं असं की दिवाळीनंतर कळलं, तू टी.व्ही. सेंटरच्या मागं राहायला आलास, माझ्यापासून चार किलोमीटर. दुसऱ्याच सकाळी भेटायला चालत आलो. तू दारात दात घासत होतास. तू मान वर केलीस आणि मी जो पळालो तो थेट मुकुंदवाडीपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो, पुन्हा पळालो. अडीच महिने झाले. असा मी पळणारा माणूस झालो.

आणखी एक ता. क. मागणं एवढंच आहे. मी गल्लीच्या कोपऱ्यावर दिसलो तर लहानपणी मारायचास तशी हाक मार, कडू म्हणून. शिवी घालून मारलीस तरी चालेल.

शेवटचा ता. क. बानाबाईनं हे वाचलं. ती म्हणते, त्या दिवशीचं खोटं माझ्या तोंडून गेलं, तर हे पत्रही माझ्याच हातून जाईल, पोस्टात टाकायचं नाय. म्हणजे आत्ता ती तुझ्यासमोर उभी आहे आणि मी कोपऱ्यावर. लवकर हाक मार, माझे पाय पळायच्या बेतात आहेत.